छत्र्यांच्या दुकानातल्या बंदुका

मधूच्या मुलीचा, नेहाचा, फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “काका, बाबा गेले. झोपेतच.” मग ती म्हणाली, “तुमची छत्री इथेच आहे. तयार झाली म्हणून सांगायचंय, असं ते परवाच म्हणत होते.” बाप गेल्याच्या दिवशी परक्याच्या छत्रीची आठवण ठेवणारी मुलगी कोणाला विचित्र वाटेल. मला वाटली नाही. मधुसूदन जोगळेकरची मुलगी दुसरं काय करणार? त्या घरात ठेवायला दिलेली वस्तू मालकाच्या हातात परत जाईपर्यंत काम संपत नसे.

पुढच्या आठवड्यात कल्याणात शोकसभा झाली. मधूने आयुष्यभर शोकसभा टाळल्या. ही एकच त्याला टाळता आली नाही. एका माजी नगरसेवकांनी त्याला ‘शस्त्रविद्येचा निस्सीम उपासक’ म्हटलं. दुसऱ्या वक्त्याने कल्याणच्या इतिहासाशी, किल्ल्याशी आणि आरमाराशी त्याचं नातं जोडून टाकलं. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, की या माणसाने जन्मात एकही गोळी झाडली नव्हती. दिवाळीत लवंगी फटाका लावायचा तरी तो उदबत्तीला लांब काठी बांधून लावत असे. पण त्याने बंदुका विकल्या होत्या, हे खरं. छत्र्यांच्या दुकानात विकल्या होत्या, आणि ते मात्र कोणी बोललं नाही. शोकसभेत छत्री शोभत नसावी.

आताच्या वाचकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. पण ऐंशीच्या दशकात आमच्या भागात बंदूक घ्यायची तर माणूस बाजारात जायचा, जसा कुलूप घ्यायला जायचा. ठाण्याला घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या काउंटरखालच्या कपाटात दोन दुनळी बंदुका असत. गजर लावलेल्या घड्याळांच्या टिकटिकीत गिऱ्हाईक नळीतून डोकावून बघे. परवाना लागे, पोलिसांची चौकशी होई, कचेरीत खेटे घालावे लागत, ते सगळं होतंच. पण कागद एकदा हातात पडला की उरलेला व्यवहार अगदी घरगुती होता. मधूचं दुकान कल्याणच्या जुन्या बाजारात, भांडीवाला आणि मसालेवाला यांच्या मधे. पुढच्या भागात छत्र्या, विजेऱ्या, गॅसबत्तीच्या जाळ्या, कुलपं. मागच्या भिंतीला काचेचं कपाट, त्यात उभ्या बंदुका, आणि सगळ्यांच्या घोड्याजवळून ओवलेली एक साखळी. वडिलांच्या काळात जंगलाचे ठेकेदार आणि शिकारी येत, तेव्हाचा तो परवाना. मधूला बंदुकांमध्ये रस नव्हता. वडिलांचं म्हणून त्याने चालवलं, जसं काही घरांत देवीचं नवरात्र चालवतात.

मी तेव्हा ठाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि शनिवारी दुपारी मधूकडे जाऊन बसत असे. शाळेपासूनचा मित्र. मी कॉलेजात लागल्या दिवसापासून तो मला ‘प्राध्यापक’ म्हणू लागला, आणि ते कौतुक नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक होता. त्या बाकावर मी जे बघितलं ते कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मुरबाडकडचा एखादा शेतकरी रानडुकरांनी भात तुडवला म्हणून एकनळी घ्यायला यायचा. बरोबर बायको, कडेवर पोर. मधू आधी त्याला मोठी विजेरी दाखवायचा. “डुक्कर उजेडाला जास्त घाबरतं. ही घेऊन जा.” शेतकरी हसायचा, बायको विजेरी लावून बघायची, आणि शेवटी ते दोन्ही घेऊन जायचे. बंदूक गोणपाटात गुंडाळायची, सुतळीने बांधायची, आणि एसटीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवून द्यायची. कंडक्टर एवढंच विचारायचा, “भरलेली नाय ना?”

डोंबिवलीकर मात्र परवान्याच्या वाटेला जात नसत. त्यांना छऱ्याची बंदूक पुरे. एका सोसायटीचे सेक्रेटरी कबुतरांसाठी एक घेऊन गेले आणि पंधरवड्याने परत आले. कमिटीत ठराव झाला होता, की कबुतरांचा बंदोबस्त व्हावा, पण हिंसा होऊ नये. मधूने ती निमूटपणे परत घेतली आणि त्यांना एक छत्री विकली. “गच्चीत जाताना वापरा,” म्हणाला, “कबुतरं वरूनच येतात.”

मग आले शेठ लोक. खाडीकाठच्या गावांमधल्या जमिनींना बिल्डरांचे भाव आले आणि ज्यांच्या बापजाद्यांनी मिठागरात पाय झिजवले, त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. बंदूक त्याच खरेदीत बसायची : गाडी, रंगीत टीव्ही, बंदूक. काहीजण दुकानातून थेट फोटो स्टुडिओत जात. एकाला हळदीच्या मांडवात खांद्यावर घेऊन बसायची होती. मधू म्हणाला, “शेठ, हळद लागली तर दस्ता पिवळा पडतो,” आणि त्याने ती हौस तिथेच विझवली. त्याला या थाटाचा राग नव्हता. तो फक्त थाटाला कामाचे प्रश्न विचारायचा, आणि थाट बहुतेक वेळा तेवढ्यानेच खाली बसायचा.

त्याची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुरुस्तीला आलेल्या छत्रीच्या मुठीला तो रंगीत दोरा बांधे. प्रत्येक घराचा दोरा वेगळा, गाठ वेगळी. माझा पिवळा-काळा, दोन गाठी. चिठ्ठी नाही, नाव नाही. सगळं त्याच्या डोक्यात. पावसाळ्यात छताला उलट्या टांगलेल्या काळ्या छत्र्यांची रांग लागे, सगळ्या एकसारख्या, आणि गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की मधू आकडी लावून बरोबर त्याचीच खाली काढी. निवडणूक आली की परवानेवाल्यांना बंदुका जमा कराव्या लागत. पुष्कळजण पोलीस ठाण्यापेक्षा मधूकडे जमा करत, कारण इथे चहा मिळे. त्या बंदुकांनाही तो तेच दोरे बांधे.

बाळाराम आणि हरी हे दोघे भाऊ दिवा स्टेशनजवळच्या एका गावातले. वडील गेले, खारजमिनीची वाटणी झाली, आणि एका बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं. तो बांध भरतीच्या वेळी पाण्याखाली जाई, पण त्याच्या पलीकडे इमारती उठायला लागल्या होत्या, त्यामुळे पाण्याखालच्या त्या मातीलाही इज्जत आली होती. बाळारामने आधी एकनळी घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, “चोर लई झाल्यान.” वर्षभराने हरी आला आणि म्हणाला, “मना पन तसलीच पायजे. त्याची हाय तशीच. फरक नको.” मधूने विजेरी दाखवली. हरीने ती बाजूला सारली. परवाना होता, नकार देण्यासारखं कायद्यात काही नव्हतं. त्याच कारखान्याची, तसल्याच दस्त्याची बंदूक मधूने त्याला दिली. नंबर तेवढे वेगळे.

त्यानंतर दोघे भाऊ काडतुसं घ्यायला यायचे. एक सोमवारी आला तर दुसरा बुधवारी. मधू दोघांनाही सांगायचा, “माल आला नाही.” कपाटात खोके मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. “किती दिवस खोटं बोलशील?” मी विचारलं. तो म्हणाला, “भिवंडीला मिळतात, हे त्यांना आठवेपर्यंत.”

आणि मग एके दुपारी त्यांची आई आली. मी बाकावरच होतो. काटकुळी म्हातारी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात कैऱ्यांची पिशवी. तिने विजेरीचे सेल मागितले, ते कनवटीला खोचले, आणि निघायचं सोडून काचेच्या कपाटाकडे बघत राहिली.

“दोनी तूच इकल्यास ना?” तिने विचारलं.

मधू म्हणाला, “हो, आजी.”

“मोटा माडीवर बसतंय घेवून, धाकला वटीवर. मी मधल्या घरान जेवन करतंय.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती घराची रचना सांगत होती. “आता विलेक्शनला तुजेकडं देतील ना? ठेवून घे. परत नको देव.”

“तसं नाही करता येत, आजी. त्यांच्या वस्तू आहेत. कायद्याने परत द्याव्या लागतात.”

म्हातारीने कैऱ्या काउंटरवर ओतल्या. “मंग कायद्यान काय बसतंय तवरं कर,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मधूने त्या कैऱ्या घरी नेल्याच नाहीत. काउंटरवरच पिकून सुरकुतल्या… मसालेवाल्याने शेवटी उचलून टाकल्या.

निवडणूक झाली. कोणीतरी निवडून आलं. बंदुका परत न्यायला लोक येऊ लागले; बाळाराम एका दिवशी, हरी दुसऱ्या दिवशी, कारण एका पायरीवर दोघे उभे राहत नसत. मधूने दोरे सोडले, गोणपाटात बंदुका गुंडाळल्या, सह्या घेतल्या. पावसाळा गेला. बांधावरून एकदा दगडफेक झाल्याचं कानावर आलं. हरीने रिक्षावाल्यांसमोर म्हटलं होतं म्हणे, की दसऱ्यानंतर दाखवतोच. दसरा आला, त्या एकाच घरात माडीवर एक आणि ओटीवर एक अशी बंदुकांची पूजा झाली, झेंडूची फुलं वाहिली गेली.

त्यानंतरच्या शनिवारी मी दुकानात शिरलो तर मधू कुलपं पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “प्राध्यापक, घोटाळा झाला. बाळारामची बंदूक हरीकडे गेलीय आणि हरीची बाळारामकडे.”

मी आधी रस्त्याकडे बघून घेतलं. परवान्यावर एक नंबर आणि हातात दुसऱ्या नंबरची बंदूक, म्हणजे दोघांवर गुन्हा, आणि देणाऱ्या दुकानदाराचं तर विचारूच नका. “अरे, तुझा परवाना जाईल! आत जाशील!” मी म्हणालो. मधू म्हणाला, “छत्र्या आहेतच.” मग कुलूप दाबून बंद केलं, किल्लीने उघडून बघितलं, आणि दोन्ही भावांना निरोप धाडला.

ते वेगवेगळे आले आणि एकच बोलले. बाळाराम काउंटरवर थाप मारून म्हणाला, “त्याची पूजा केली मी? त्याचे बंदुकीला हलद-कुंकू लावलं माजे बायकोनं? भटा, तुना डोलं हायत का नाय?” मधूने शांतपणे माफी मागितली. ताबडतोब बदलून घ्या, नाहीतर तिघेही अडकू, असं सांगितलं. “मंग आन त्याचेकडून माजी.” “आधी तुम्ही ही जमा करा, मग मी…” “वा रे वा! मी आधी दिऊ? आन तवर तो माजे आंगावर येल तर मी काय छत्री घेवून उबा राहू?” हरीही अगदी हेच म्हणाला, फक्त छत्रीऐवजी त्याने कोयता म्हटलं. कोणीच आधी बंदूक सोडेना. मग राहिला एकच उपाय. दोघांनी एका वेळी, एका बाकावर.

मी त्या दिवशी कॉलेजातून रजा काढली. त्यात शौर्य नव्हतं. काय होतं ते बघायचं होतं, आणि मधूला एकटं सोडायचं नव्हतं. दिवाळी तोंडावर होती. काउंटरवर टिकल्यांच्या पिस्तुलांचा ढीग पडला होता आणि एक बाई दोन मुलांसाठी निवड करत होत्या. “हे आवाज करत नाही हो. त्या दिवशी नेलेलं दुसऱ्या दिवशीच अडकलं.” मधू त्यांना एकेक पिस्तूल वाजवून दाखवत होता. बाकाच्या एका टोकाला बाळाराम चादरीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन बसला होता, दुसऱ्या टोकाला हरी गोणपाटात गुंडाळलेली घेऊन. मधे मी. दर आवाजाला आम्ही तिघेही दचकत होतो. बाईंचं समाधान होईना, आणि मधूलाही कधी नव्हे ती गिऱ्हाइकाची घाई नव्हती. चहा आला. आम्ही तिघांनी एका ट्रेमधून कप उचलले.

बाई गेल्या तसं मधूने दोघांना उठवलं. बंदुका काउंटरवर ठेवल्या, गुंडाळलेलं सोडलं, नंबर मोठ्याने वाचले, आणि दोन्ही हातांनी एकदमच ज्याची त्याला दिली. हरीने आपली बंदूक हातात घेतली, दस्त्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि न राहवून म्हणाला, “हिला काय चोपडलंस?”

बाळाराम भिंतीकडे बघून म्हणाला, “खोबरेल.”

“खोबरेल? दादूस, बंदुकीला खोबरेल लावतात?”

“मशीनचं त्याल संपलेलं. आय बोलली, हेच लाव.”

‘दादूस’ म्हणजे त्यांच्यात मोठा भाऊ. तो शब्द हरीच्या तोंडून निसटला आणि कोणालाच परत घेता आला नाही. दोघे एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले… मग बाळाराम म्हणाला, “चिकट झाली आसंल तर रॉकेलनं पूस.” हरी म्हणाला, “बघतो.” मधू पिस्तुलं खोक्यात भरत होता. त्याने वर बघितलं नाही.

यानंतर दोघांनी गळ्यात गळे घातले असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. बांधाचा दावा कल्याणच्या कोर्टात पुढेही बरीच वर्षं चालला. मात्र तारखेला ते दोघे एकाच रिक्षातून येत, आपापल्या वकिलांकडे जात, आणि संध्याकाळी एकाच रिक्षातून परत जात. पुढच्या निवडणुकीला दोघांनी बंदुका मधूकडे जमा केल्या आणि न्यायला कोणीच आलं नाही. मधूने निरोप धाडले. हरीचं उत्तर आलं, “असू दे तिथंच. आय बोलते, माडीवर जागा झाली.” नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मधूने शस्त्रांचा परवाना परत केला. तोवर मुरबाडची डुकरं दूर गेली होती आणि शेठ लोकांना राखणीला माणसं ठेवणं परवडू लागलं होतं. उरलेल्या बंदुका रीतसर सरकारजमा झाल्या, त्यात या दोन शेजारी-शेजारी गेल्या. काचेच्या कपाटात मधूने लहान मुलांच्या छत्र्या लावल्या, मांजराचे कान असलेल्या.

दुकान विकल्यावरही तो घरी, गॅलरीत बसून, जुन्या गिऱ्हाइकांच्या छत्र्या नीट करत असे. या जूनमध्ये मी माझी द्यायला गेलो, तीच आमची शेवटची भेट. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी एकदाचं विचारलं. “मधू, तो घोटाळा खरंच झाला होता का रे?” त्याने छत्रीची काडी दिव्याकडे धरून बघितली. “तू प्राध्यापक माणूस,” म्हणाला, “तुला पुरावा लागणार.” आणि आत चहा सांगायला गेला. परत आला तो नातीच्या परीक्षेबद्दल बोलत.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी छत्री आणायला गेलो. गॅलरीत दोरीवर काळ्या छत्र्या टांगलेल्या होत्या, मुठींना दोरे. नेहा म्हणाली, “काका, कुठली कोणाची ते आम्हाला काहीच माहीत नाही. पण लोक येतात, आपला दोरा बघतात आणि घेऊन जातात.” खुर्चीवर पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला एक म्हातारा बसला होता. मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं. “मास्तर, त्या टायमाला तुमी मधी बसलेले,” तो म्हणाला. हरी होता. त्याने उठून दोन छत्र्या काढल्या, एक लाल दोऱ्याची, एक लाल-हिरव्या दोऱ्याची. “ही माजी, ही दादूसची. त्याचं गुडघं गेल्यान, मीच नेतो त्याची.”

दोन्ही मुठी त्याने शेजारी धरल्या आणि बराच वेळ दोऱ्यांकडे बघत राहिला.

“एवढ्या वर्सान,” तो म्हणाला, “एक छत्री कधी बदलली नाय यानं.”

नेहाने चहा आणला, आम्ही तो प्यायलो, आणि हरी दोन्ही छत्र्या काखेत धरून जिना उतरून गेला. मग मी माझी काढली. पिवळा-काळा दोरा, दोन गाठी. दोरा सोडायचं काम मधूचं असे, देताना तोच सोडायचा. मी नखाने प्रयत्न केला, गाठ पक्की होती. नेहा कात्री आणू का म्हणाली. मी नको म्हणालो आणि छत्री तशीच घेऊन निघालो.